तिसऱ्या भागाचा अभिप्राय

रविवार, फेब्रुवारीतला शेवटचा. इंदूर, मल्हारगंज. मध्यभारताचं राज्य येऊन पाच-सहा वर्षं झाली होती.

हजर: मामासाहेब, ज्यांच्या दिवाणखान्यात आम्ही जमत असू, मामीसाहेब, वकीलसाहेब, कॉलेजातले इंग्रजीचे प्रोफेसर, माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, आणि मी. गैरहजर: डॉक्टर. त्यांना पेशंट होता. त्या दिवशी नेमके तेच हवे होते, असं मला नंतर पुष्कळदा वाटलं.

मी मुलींच्या शाळेत शिकवते, त्यामुळे कुठंही गेलं की आधी हजेरी घ्यायची आणि मग काय काय करायचं आहे ते ठरवायचं, ही सवय. दादा म्हणायचा, हिला यमदूत न्यायला आले तरी ही त्यांना रांगेत उभं करील. दादाची बायको लवकर गेली, माझं लग्न झालं नाही. आम्ही दोघंच एका घरात राहत होतो.

मामासाहेब नात्यानं आमचे कोणी नव्हते. संस्थानाच्या काळात ते वाड्यावर मोठ्या हुद्द्यावर होते आणि विलायती संगीताचं खातं त्यांच्याकडे होतं. दादा त्या खात्याच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवायचा. साहेब लोकांच्या मेजवान्या, वाढदिवसाच्या मिरवणुकी, बागेतल्या संध्याकाळी, असं वीसेक वर्षं त्यानं वाजवलं. संस्थान गेलं तेव्हा पितळी वाद्यांना पोलिसांच्या बँडमध्ये जागा मिळाली. तंतुवाद्यांना कुठंच नव्हती. दादा पेन्शनीत निघाला. व्हायोलिन त्यानं कपाटावर ठेवलं आणि घरात कधी वाजवलं नाही. मी विचारलं तर म्हणायचा, "एकटं व्हायोलिन वाजवायला मी काय लग्नातला बाजेवाला आहे?"

रविवारची ही बैठक मामासाहेबांनीच चालू केली होती. त्यांच्याकडे मोठा रेडिओग्राम होता, नव्या लाँग-प्ले रेकॉर्डी वाजवणारा. रेकॉर्ड लावायचं आणि काढायचं काम दादाचं. बैठकीत एक रिवाज होता. वाजवणं झालं की आधी मामासाहेब बोलायचे, मग बाकीचे, जुन्या मानाप्रमाणे. मामासाहेबांच्या बोलण्यात भर घालायची मुभा होती, ते खोडायची नव्हती. दरबार संपला होता, पण ही रीत त्या खोलीत राहिली होती. ती कोणी मोडलेली मी पाहिली नाही.

त्या रविवारी प्रोफेसरांनी एक नवी रेकॉर्ड आणली होती. एका अंगाला एक अमेरिकन सिंफनी, दुसऱ्या अंगाला दुसरी. दोन्ही संगीतकार हयात, दोघांचीही नावं आम्ही पहिल्यांदा ऐकत होतो. दुकानदारानं ती कॉलेजकडे पसंतीसाठी धाडली होती. पण खरी गोष्ट रेकॉर्डची नव्हती. कॉलेजात पाश्चात्त्य संगीताचा एक वर्ग सुरू करायचं घाटत होतं आणि तो दादाला द्यावा असं प्रोफेसरांच्या मनात होतं. प्रिन्सिपॉलसाहेबांना दादा माहीत नव्हता. त्यांनी सांगितलं होतं, ह्या गृहस्थांकडून एखाद्या नव्या रेकॉर्डवर लेखी अभिप्राय घ्या, म्हणजे माणूस काय आहे ते कळेल आणि फायलीला जोडता येईल. सचिवालय तेव्हा हिवाळ्यापुरतं ग्वाल्हेरला होतं. फाइल तिकडे जायची होती. प्रोफेसर बुधवारी अभिप्राय न्यायला येणार होते.

दादा त्या आठवड्यात सकाळी दाढी करताना शीळ घालत होता. ऑर्केस्ट्रा मोडल्यानंतर पहिल्यांदाच.

पहिली सिंफनी सुरू झाली. मला ह्यातलं फार कळत नाही, ऐकू आलं ते सांगते. सुरुवातीलाच ट्रंपेट एकदम खोलीत घुसले. मग ते तांब्याचे मोठे नगारे. सगळं उघडं, कडक, कोणाची भीड न धरणारं. मधेच दोन वेगळ्या पट्ट्या एकमेकींवर आदळत होत्या.

"मिलची शिफ्ट सुटली वाटतं," वकीलसाहेब पुटपुटले.

"वकीलसाहेब, ऐका," मामीसाहेब म्हणाल्या.

"ऐकतोच आहे, मामीसाहेब. न ऐकून कुठं जातो? दरवाजा बंद आहे."

दादा मात्र रेडिओग्रामजवळ उभा राहून मान हलवत होता. पहिली बाजू संपल्यावर मामासाहेब म्हणाले, "तरुण रक्त आहे. पण वाजवणारे तयारीचे." सगळ्यांनी त्यात आपापली भर घातली. दादा म्हणाला, "पितळ अंगावर येतं, पण व्हायोलिनं फार मागे बसवलीत. पडद्याआड बसल्यासारखी. ध्वनिमुद्रण करणाऱ्याची चूक." प्रोफेसरांनी ते लगेच टिपून घेतलं.

मला व्हायोलिनं चांगली पुढं ऐकू आली होती. पण मला काय कळतं, असं म्हणून मी गप्प बसले.

मग दुसरी बाजू. ही सिंफनी तीनच भागांची. शेवटचा भाग संथ. आधी खालचे जाड स्वर, चेलो आणि त्याहून मोठी वाद्यं, अगदी हळू चालत होती. मग ती एकेक करून थांबली आणि नुसती व्हायोलिनं उरली. फार वर, फार बारीक. खोलीत कोणी हलत नव्हतं. प्रोफेसरांच्या हातातली पेन्सिल थांबली होती.

दादा पुढं झाला आणि त्यानं रेकॉर्डकडे वाकून पाहिलं.

"आवाज गेला," तो म्हणाला. "पुढची पट्टी कोरी आहे. छापतानाच चुकलंय."

तो हे बोलत होता तेव्हा व्हायोलिनं वाजत होती.

त्यानं सुई उचलली.

मी मामासाहेबांकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. त्यांचे डोळे मिटलेले होते. ते त्यांनी उघडले, दादाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "असेल. इथं थांबलं तेही काही वाईट नाही. चहा आणा."

वकीलसाहेबांनी तोंड उघडलं होतं ते मिटलं. प्रोफेसर म्हणाले, "हो, असं होतं कधीकधी." मामीसाहेब उठल्या. चहा आला, शेव आली, आणि वकीलसाहेब कोर्टातला एक किस्सा सांगायला लागले, नेहमीपेक्षा जरा मोठ्यानं.

घरी आल्यावर मी गेल्या काही महिन्यांतल्या गोष्टी मनात एकाखाली एक मांडल्या. पोस्टमनच्या सायकलची घंटी. उतू गेलेलं दूध, दादा शेजारीच बसलेला. मी मागून हाक मारली की तो उत्तर देत नसे, आणि मला वाटे रागावलाय. पुरुषांचं बोलणं त्याला नीट कळायचं. मामासाहेबांचा जाड आवाज तर अगदी नीट. वरचे स्वर गेले होते. व्हायोलिन ज्या स्वरांवर जगतं ते गेले होते.

सोमवारी शाळेतून आले तर दादानं अभिप्राय लिहायला घेतला होता. त्यानं मला मोठ्यानं वाचून दाखवला. पहिल्या सिंफनीबद्दल चांगलं दीड पान. दुसरीबद्दल थोडं, आणि शेवटी: तिसऱ्या भागात मुद्रण सदोष असून उत्तरार्धात ध्वनी नाही, सबब प्रत परत करावी.

"कसं आहे?" त्यानं विचारलं.

"अक्षर चांगलं आहे," मी म्हणाले.

"तू म्हणजे ना! अक्षराला कोण विचारतंय?"

हे कागद बुधवारी कॉलेजात गेले की पुढं काय होणार ते स्पष्ट होतं. रेकॉर्ड दुकानदाराकडे परत जाईल. तो लावून बघेल, ती नीट वाजेल. मग पत्र येईल, प्रिन्सिपॉल वाचतील, आणि संगीताच्या मास्तराला ऐकू येत नाही ही गोष्ट फायलीवर चढून ग्वाल्हेरला जाईल. त्याला हे कोणीतरी त्याआधी सांगायला हवं होतं. मामासाहेब बोलले तर तो मानेल असं मला वाटलं, म्हणून संध्याकाळी मी पुन्हा मल्हारगंजात गेले.

मामासाहेब ओसरीत बसले होते.

"या बाई. शाळा सुटली?"

"दादा लिहितोय की रेकॉर्ड कोरी आहे."

"लिहू दे."

"कॉलेज परत पाठवेल. दुकानदार वाजवून बघेल."

"दुकानदार काय बघतो! चुपचाप बदलून देईल."

"मामासाहेब, तुम्ही एवढंच म्हणा की तुम्हांला ऐकू आलं. तुमचं तो ऐकेल."

ते मग म्हणाले, "त्याला ऑर्केस्ट्रात मी घेतला. अठरा-एकोणीस वर्षांचा असेल. माझ्यासमोर वाजवून दाखवलं त्यानं. आता त्याच माणसाला मी सांगू, तुला ऐकू येत नाही म्हणून?"

"कोणीतरी सांगायला हवं."

"हवं ना. पण बैठकीत एकदा बोललो ते मी फिरवत नाही. आणि तुम्हीही राहू द्या. आहे तो सुखात आहे."

"तो वर्ग शिकवायला जाणार आहे. पोरं हसतील त्याला."

"पोरं सगळ्यांनाच हसतात, बाई. माझ्या पगडीला हसायची."

मी उठले. मामीसाहेब मला पोचवायला दारापर्यंत आल्या. चपला घालत होते तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "उद्या हे गावाबाहेर, राऊच्या बागेत जाणार, आंब्याचा मोहोर बघायला. दुपारभर तिकडंच. रेकॉर्ड इथंच आहे. या तुम्ही दोघं."

मंगळवारी मी अर्धी रजा टाकली. दादाला म्हटलं, चल, मामासाहेबांकडे जाऊ, ती रेकॉर्ड एकदा परत ऐकू. तो कुरकुरला. "कोरी रेकॉर्ड ऐकायला अर्धी रजा? तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?" पण आला.

मामीसाहेबांनी आम्हांला दिवाणखान्यात बसवलं, रेडिओग्राम चालू करून दिला आणि त्या आत गेल्या. मी दार लावलं आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं. अशा गोष्टी बसून सांगायला गेलं की लांबतात.

"रेकॉर्ड कोरी नाही, दादा. रविवारी वाजत होती. आम्हां सगळ्यांना ऐकू येत होती."

तो हसला. "तुला सूर कधीपासून कळायला लागले? लहानपणी आरतीत तू बेसूर गायचीस म्हणून आई तुला टाळ वाजवायला लावायची."

"कळत नाहीत. पण ऐकू येतात."

तो हसायचा थांबला. माझ्याकडे बघत राहिला. मग स्वतःच पुढं झाला आणि त्यानं सुई तिसऱ्या भागावर ठेवली. चेलो सुरू झाले. त्याची मान हलायला लागली. मग चेलो थांबले. व्हायोलिनं उरली. त्याची मान थांबली.

"आता?" तो म्हणाला.

"वाजतंय."

त्यानं आवाज वाढवला. पूर्ण वाढवला. मला कानांना त्रास व्हायला लागला. आतून मामीसाहेबांच्या हातातलं काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"आता?"

"वाजतंय, दादा."

त्यानं रेडिओग्रामच्या लाकडावर तळहात टेकला. मग दुसरा. मग वाकून डावा कान जाळीला लावला, मग उजवा. उजव्या बाजूला तो जास्त वेळ राहिला. सरळ झाला तेव्हा त्याच्या गालावर जाळीची नक्षी उमटली होती.

"किती व्हायोलिनं आहेत?"

"पुष्कळ."

"पुष्कळ म्हणजे? सगळी एकच वाजवतायत की वेगवेगळं?"

"एकच. नाही, दोन. एक वर धरून ठेवलेलं आणि एक जरा खालून हलतंय."

"धरलेला स्वर सरळ आहे की कंप आहे?"

मला कळेना. मी डोळे मिटून ऐकलं. "सरळ आहे असं वाटतं."

"वाटतं नको."

"मला नाही कळत, दादा."

रेकॉर्ड संपली. त्यानं ती पुन्हा लावली. ह्या वेळी तो माझ्याकडे बघत होता, मशीनकडे नाही. माझ्या चेहऱ्यावर काय उमटतंय ते तो वाचत होता. तिसऱ्यांदा लावायला त्यानं हात पुढं केला आणि तो परत घेतला.

"बंद कर," म्हणाला.

मी बंद केलं. तो खुर्चीवर बसला.

"मामासाहेबांना माहीत होतं?"

"हो."

"वकिलाला?"

"सगळ्यांना."

"म्हणजे सगळ्यांनी माझ्याकडे बघत बघत चहा घेतला."

मी त्याची टोपी उचलून त्याच्या हातात दिली.

घरी आल्यावर त्यानं अभिप्रायाचे कागद काढले आणि वाचायला लागला. मला वाटलं, शेवटचं वाक्य खोडेल आणि संपेल. पण तो पहिल्या पानापासून निघाला. व्हायोलिनं मागे बसवली आहेत, हे खोडलं. मला विचारलं, "पुढं होती ना?" मी हो म्हटलं. दुसऱ्या भागात वरच्या तंतूंचा उठाव कमी पडतो, हे खोडलं. बासरी बुडाली आहे, खोडलं. प्रत्येक वाक्यापाशी तो थांबायचा, हे मी ऐकलं होतं की ऐकलं नव्हतं, ह्याचा विचार करायचा. शेवटी दीड पानातून ट्रंपेट, ट्रंबोन आणि नगारे एवढे राहिले. नगाऱ्यांबद्दलचं वाक्य फार चांगलं होतं. तबला ऐकणाऱ्या माणसालाही कळेल असं.

मग म्हणाला, "कधीपासून असेल हे?"

"माहीत नाही."

"ऑर्केस्ट्रा मोडायच्या आधीपासून तर नसेल?"

तो प्रश्न त्याच्याजवळ शेवटपर्यंत राहिला हे मला माहीत आहे, कारण त्यानंतर तो जुन्या साथीदारांना भेटायचं टाळायला लागला. त्यातला एखादा काहीतरी सांगून बसेल ही भीती.

त्यानं सगळं नव्यानं लिहून काढलं. पहिली सिंफनी, पितळ आणि नगारे. दुसरी, पहिले दोन भाग, जेवढं ऐकलं तेवढं. मग त्यानं "तिसरा भाग" असं लिहून खाली अर्धं पान सोडलं आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"तू ऐकलंयस. तू लिही. माझ्या नावावर नको, तुझ्या. आणि खोटं लिहू नकोस. छान आहे, गोड आहे असलं काही नको. काय वाजतंय ते लिही."

बुधवारी प्रोफेसर आले. दादानं त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाला, "प्रोफेसरसाहेब, मला वरचं ऐकू येत नाही. वर्ग मी घेऊ शकत नाही. तुम्हांला रविवारीच कळलं होतं."

प्रोफेसर बिचारे लाल झाले. "अहो दादा, ऐसा कुछ नहीं... म्हणजे इतकंही नाही... थोडं प्रत्येकालाच होतं वयाप्रमाणे..."

"रेकॉर्ड चांगली आहे," दादा म्हणाला. "कॉलेजनं ठेवून घ्यावी. अभिप्राय अर्धा झालाय. बाकीचा ही देईल."

प्रोफेसर गेले. वर्ग निघाला नाही, दुसरा माणूसही मिळाला नाही. पुढच्या रविवारी मामासाहेबांनी गाडी पाठवली. दादानं ती परत पाठवली. त्याच्या पुढच्या रविवारी मामासाहेब स्वतः आले. आमच्या घरी पहिल्यांदाच. दोघं समोरासमोर बसले, हवापाण्याचं बोलले, राऊच्या आंब्यांचं बोलले. मामासाहेबांनी रेकॉर्डचा विषय काढला नाही, दादानंही नाही. जाताना मामासाहेब म्हणाले, "रविवारी येत जा. रेकॉर्ड लावायला कोणी नाही."

"वकीलसाहेबांना शिकवा," दादा म्हणाला.

डॉक्टरांनी नंतर तपासलं. कमी होत जाईल, म्हणाले, आणि तसंच झालं. आधी त्याच्या कानांतून माझा आवाज गेला, मग भेटायला येणाऱ्या वकीलसाहेबांचा, आणि शेवटच्या महिन्यांत मामासाहेबांचाही. पाटीवर लिहून आम्ही बोलायचो. दोन हिवाळ्यांनंतर तो न्यूमोनियानं गेला. व्हायोलिन मी विकलं नाही आणि कोणाला दिलंही नाही. ते काम मी मुद्दामच हाती घेतलेलं नाही.

हाती घेतलेलं एक मात्र झालेलं नाही. रेकॉर्ड कॉलेजनं ठेवून घेतली. प्रोफेसरांनी मला परवानगी काढून दिली आहे. पलासियाकडच्या त्यांच्या घरी आता तसलं मशीन आहे. सुट्टीच्या दिवशी ते रेकॉर्ड घरी आणून ठेवतात, मी जाऊन तिसरा भाग ऐकते. मध्यभारत जाऊन मध्यप्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली, ती फाइल कुठं असेल कोणास ठाऊक. तरी मी जाते. आजवर बरंच लिहिलं आणि फाडलं. "संथ" लिहिलं, ते रेकॉर्डच्या कव्हरावरच छापलेलं आहे. "उदास" लिहिलं, ते वाद्यात आहे की माझ्यात, हे मला सांगता येईना. आता एवढं कळतं की धरून ठेवलेला वरचा स्वर आधी सरळ असतो, आणि खालची व्हायोलिनं थांबली की त्यात कंप येतो. की तो पहिल्यापासूनच असतो आणि मला उशिरा कळतो? हे अजून नक्की होत नाही. नक्की झाल्याशिवाय लिहायचं नाही.

दादाच्या अक्षरातलं "तिसरा भाग" आणि त्याखालचं अर्धं पान माझ्याकडे आहे. पुढच्या महिन्यात शाळेला सुट्टी आहे. प्रोफेसरांना चिठ्ठी पाठवायची, जायचं, पुन्हा ऐकायचं, लिहायचं. हे अजून बाकी आहे.